सासूबाईंच्या तिथीला मीठ किती

हॉटेलातल्या जेवणाबद्दल आईला काही विचारू नका, असं माझा मुलगा खुन-लिन पाहुण्यांना दारातच बजावतो. त्यामुळे पाहुणे हमखास विचारतात, आणि मी सांगते. सगळा जन्म तैनानमध्ये गेला. तीन यत्ता शिकले, बाकीचं शिक्षण चुलीपुढे झालं. पुस्तकी बाईला न कळणाऱ्या पुष्कळ गोष्टी त्या चुलीपुढे मला कळल्या.

माझं म्हणणं साधं आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी वाटीत तांदळाचं पीठ वाफवून विकते. एकच पदार्थ करते. दहा वाजेपर्यंत तो संपतो, मग ती दार ओढून झोपते. हे मला पटतं. ज्या हॉटेलात ऐंशी पदार्थ मिळतात तिथे खरा एकही मिळत नाही. आणि पाटीवर 'आजीच्या हातची चव' असं लिहिलेलं दिसलं की मी आत जाऊन आधी आजी कुठे बसली आहे ते विचारते. एकदाही कुणी आजी दाखवलेली नाही. एका ठिकाणी दाखवली ती भिंतीवरच्या फोटोत, आणि तो फोटोही छापखान्यातून आणलेला.

तर अशा माझ्यावर यंदा हॉटेलं पालथी घालायची वेळ आली. आठवा महिना संपता संपता मासळीबाजारात खवल्यांवरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. सासूबाईंची तिथी नवव्या महिन्याच्या बारावीला, म्हणजे हातात पंधरा दिवस.

सासूबाई जाऊन सव्वीस वर्षं झाली. दर तिथीला पितरांच्या टेबलावरच्या त्यांच्या नावाच्या लाकडी पाटीपुढे सहा पदार्थ लागतात. अख्खी कोंबडी, सोयसॉसमध्ये शिजवलेलं डुकराचं मांस, आंबटगोड मासा, कोळंबीच्या तळलेल्या गुंडाळ्या, तांदळाच्या शेवया आणि कोबी. कोबी म्हणजे आमच्या घरचा कोबी. वाळवलेला चपटा मासा तळून कुटायचा, मशरूम, डुकराची तळलेली कातडी आणि अंड्याची तळलेली जाळी घालायची आणि कोबीची पानं पार विरघळायला आली पाहिजेत. सासूबाईंचा जीव या कोबीवर. सव्वीस वर्षं ही सहा ताटं मी एकटीने मांडली. गल्लीत बायका म्हणायच्या, बोंग-चीच्या हातातच मीठ आहे. मी कधी नाही म्हटलं नाही.

प्लास्टरची बातमी कळताच वन्संचा फोन आला. सिउ-होंग वन्सं म्हणजे माझ्या गेलेल्या यजमानांच्या मोठ्या बहीण, वय एक्याऐंशी, आवाज तीस वर्षांच्या बाईचा.

"आता काय, एका हाताने कोंबडी उलटी करणारेस?"

"बघू काहीतरी."

"काय बघू? मागव सरळ. आमच्या शेजारच्यांनी गेल्या वर्षापासून मागवायला सुरुवात केली. सहाच्या सहा पदार्थ गरम येतात, वर उदबत्त्या फुकट."

"वन्सं, तुमच्याच आईची तिथी आहे ना?"

"म्हणून तर म्हणते. आईला निदान वेळेवर जेवायला मिळेल."

खुन-लिनलाही हेच पटलं. त्याला आईची दया आली होती, असं तो म्हणाला. मला काळजी सासूबाईंची नव्हती. माझी होती. शहात्तरावं चालू आहे. आज ना उद्या त्याच टेबलावर माझीही पाटी येणार. हॉटेलचा डबा एकदा त्या टेबलावर चढला की कोण उतरवणार? म्हणजे जिने इतकी वर्षं त्या घराला रांधून वाढलं त्या बाईच्या पुढ्यात वर्षातून एकदा प्लास्टिकचं झाकण उघडून ठेवायचं. मला ते नको होतं. यासाठीच हे सगळं लिहायला बसले आहे.

तरी मुलाच्या समाधानासाठी तीन ठिकाणी जाऊन आले.

पहिलं कालव्याकाठचं नवीन. काळ्या दगडावर तीन कोळंब्या आणल्या, भोवती फुलं, वर धूर. खुन-लिन म्हणाला, "आई, हे आधी डोळ्यांनी खायचं असतं."

"मग उरलेलं पोट कशाने भरायचं? कानांनी?"

दुसरं लग्नाकार्याचं मोठं हॉटेल. तिथला कोटवाला मॅनेजर फारच गोड. पितरांसाठी त्यांचा वेगळा संच होता, त्याचं रंगीत पत्रक होतं. मी म्हटलं, कोबी चाखायला दे. चाखला. त्यात चपटा मासा नावालाही नव्हता, कसलीशी पूड होती. मी तसं सांगितलं तर म्हणतो, "आजी, आजवर पितरांची एकही तक्रार आलेली नाही."

तिसऱ्याबद्दल लिहायला जड जातं. तिथलं जेवण चांगलं होतं. लहानसं ठिकाण, पन्नाशीचा माणूस स्वतः शिजवत होता, स्वयंपाकघर उघडं. कोबी खाल्ला आणि खोट काढायला काही सापडेना. मासा होता, अंड्याची जाळी नीट फुललेली होती, आणि तैनानच्या माणसाने घालावी तेवढी साखरही होती. मी दुसरी वाटी मागितली. खुन-लिन माझ्याकडे असा बघत होता, जणू मी नाचायला उठले आहे. त्याने लगेच विचारलं, बाराव्या तिथीला डबा मिळेल का.

"बारावीला?" तो स्वयंपाकी म्हणाला. "मिळेल की. पंधरावीला मात्र बंद असतो."

"का?" मी विचारलं.

"आईची तिथी. घरी करतो मी."

"आणि इथून का नाही नेत? इतकं छान करतोस."

तो पंच्याला हात पुसत हसला. "आजी, आईला दुकानातलं कसं वाढू?"

"मग मला कशाला विकतोस रे?" असं म्हणून मी उठले. मुलाने माफी मागितली. त्या स्वयंपाक्याने मात्र मला वाकून नमस्कार केला. त्याला कळलं होतं.

त्या संध्याकाळी माझी सून या-चू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. या-चू तैपेईची, बँकेत नोकरी करते, शर्टाच्या बाह्यांनाही इस्त्री असते. लग्नाला बारा वर्षं झाली. माझ्या स्वयंपाकघरात ती भांडी घासते, फळं कापते आणि रविवारी स्वतःच्या पुस्तकातलं काहीतरी करते, जे आम्ही खातो.

"आई, तिथीचं मी करू का?"

"काय, डबा आणायला जाशील?"

"नाही. सहाही पदार्थ मी करते. तुम्ही खुर्चीत बसून सांगा."

"तुझ्या आईच्या घरी पितरांचं कोण करतं?"

"आमच्याकडे डबाच यायचा," ती म्हणाली. "लहानपणापासून. झाकण उघडायचं काम माझं असायचं." एवढंच बोलून ती आत गेली. माझ्याने नाही म्हणवलं नाही.

आता पुस्तकांबद्दल. या-चूकडे पाकपुस्तकांचं एक कपाट आहे. त्यातल्या जाडजूड पुस्तकावर तिचा फार विश्वास. मी वाचू शकते, सावकाश, बोट ठेवून. त्या पंधरा दिवसांत बरंच वाचलं. पुस्तकवाल्या बाया म्हणतात, मध्यम आच. कुणाची मध्यम? माझ्या शेगडीची मध्यम म्हणजे वन्संच्या शेगडीची मोठी. म्हणतात, कांदा सोनेरी होईपर्यंत. तर शेजारी फोटो, त्यात कांदा काळपट. फोटोतलं अन्न थंड असतं, हे मला एका नजरेत कळतं. तेलाच्या कडा गोठलेल्या दिसतात. आणि तैपेईच्या त्या लेखिकेने आमच्या आंबटगोड माशात साखर किती सांगावी? एक चमचा! एवढी साखर तर आमच्याकडे बरणी उघडताना सांडते. तरी एक मान्य करते. कोळंबीच्या गुंडाळ्या कशा मुडपायच्या याची तिने आठ चित्रं काढली होती, आणि ती बरोबर होती. मला सासूबाईंनी त्या शिकवल्या तेव्हा चित्रं नव्हती, हातावर पळी बसायची.

या-चू तराजू घेऊन शिकली. मासा अमुक ग्रॅम, मशरूम तमुक ग्रॅम. मी चिडवायची, "कोबीला ओळखपत्र पण कर." ती लिहून घेते आहे असं दाखवत हसायची. पण मन लावून करायची. बँकेतून यायची, शर्टावरच एप्रन चढवायची, भाजायला लागायची. दोन वेळा सगळा सराव झाला. दुसऱ्या खेपेला कोबी असा झाला की मी प्लास्टरवर वाटी टेकवून पुसून खाल्ला. एक गोष्ट मात्र दोन्ही वेळा झाली, ती तेव्हा ध्यानात आली नाही. मीठ मीच टाकलं. सवयच अशी. पातेल्यापाशी जायचं आणि डाव्या हाताने चिमूट सोडायची. पोरीने ते तोललंच नाही, कारण तिने ते पाहिलंच नाही.

मग वन्संनी अट घातली. फोनवरून खुन-लिनला सांगितलं, म्हणजे मी मध्ये बोलू नये.

"सूनबाई करणार ना? करू दे. पण बोंग-चीने भांड्याला हात लावायचा नाही. तिचा हात लागला तर कळणार कसं पोरीला जमतं की नाही? मी सकाळपासून येऊन बसते. जमलं तर छान. नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून मागवायचं, आणि मग या विषयावर कुणी रडायचं नाही."

खुन-लिन हो म्हणाला. तो आत्याला कशालाही हो म्हणतो.

बारावीला सकाळी सातला वन्सं हजर. स्वयंपाकघराच्या मधोमध स्टूल ओढून बसल्या, लसूण सोलायला घेतला आणि अंगणातली कोंबडी बघतात तशा या-चूला बघू लागल्या. मी दुसऱ्या कोपऱ्यात, हात मांडीवर. कोंबडी उकडली, मांस मुरलं, मासा तळला. पोरीचा हात कुठे कापला नाही. नऊ वाजता कोबी पातेल्यात उकळू लागला आणि या-चू पुस्तकासमोर अडली.

"आई."

"काय?"

"मांसात सोयसॉस किती ते ग्रॅममध्ये दिलंय. इथे मीठ..." तिने पान वर धरलं. "चवीपुरतं, असं लिहिलंय."

"मग?"

"पण पितरांच्या आधी चाखायचं नाही ना?"

वन्संची सुरी थांबली. "अजिबात नाही! उष्टं वाढणार का माझ्या आईला?"

"म्हणूनच विचारते, आत्या. चाखायचं नाही तर चवीपुरतं कसं कळणार?"

दोघीही माझ्याकडे बघू लागल्या.

आता खरं लिहिते. लग्न होऊन आले तेव्हा मीही सासूबाईंना हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, नाकाने. मी तीन वर्षं नाकाने मीठ घालत होते. एकदा पाण्यासारखं, एकदा समुद्रासारखं. चौथ्या वर्षी सासऱ्यांच्या तिथीला मी सरपण घेऊन आत शिरले, तर सासूबाई पितरांच्या खोलीकडे पाठ करून उभ्या, पळी ओठाला लावलेली. त्यांनी शांतपणे चहाने चूळ भरली. "पाहिलंस?"

"नाही."

"बरं केलंस," म्हणाल्या. "अळणी वाढणं वाईट, उष्टं वाढणंही वाईट. मग त्यातल्या त्यात चव लागेल ते करावं." तेव्हापासून त्या खोलीकडे पाठ करून आम्ही दोघी आळीपाळीने चाखत आलो. त्या गेल्यावर मी एकटी. गल्लीत म्हणायचे, न चाखता कसं गं इतकं बरोबर पडतं? मी म्हणायचे, हाताला कळतं. पन्नास वर्षं हा मान मी फुकटात खाल्ला.

हे त्या सकाळी सांगता आलं असतं. वन्सं समोर होत्या आणि मला ते जमलं नाही.

"नाकाने कळतं," मी म्हटलं.

या-चूने वाफेत नाक घातलं. तिचा चष्मा पांढरा झाला. तिने तो काढला, पुसला, पुन्हा नाक घातलं. मग पुस्तकाकडे बघत हळूच मिठाची बरणी मागे सरकवली. मी ते पाहिलं. वाटलं, चिमूटभर तरी टाकली असेल. खोटं कशाला, असं वाटावं असं मला वाटत होतं.

साडेदहाला टेबल मांडलं. सहा ताटं, भात, दारूचे छोटे पेले. उदबत्त्या लावल्या. खुन-लिनने तीनदा दारू ओतली. उदबत्ती तिसऱ्या हिश्शापर्यंत उतरल्यावर मी कोरी उचलल्या. बांबूच्या मुळाचे हे दोन लाल तुकडे, चंद्रकोरीसारखे, एक बाजू सपाट, एक फुगीर. जेवण झालं का, असं विचारून जमिनीवर टाकायच्या. एक सपाट, एक फुगीर पडली तर हो. दोन्ही फुगीर वर आल्या तर अजून चाललंय, थांबा. दोन्ही सपाट वर आल्या तर हसले, पुन्हा विचारा. सासूबाई जिवंतपणी जशा, मेल्यावरही तशाच. माझ्या हातच्या जेवणाला पाच-पाच, सहा-सहा वेळा थांबवायच्या. एका वर्षी तर उदबत्ती दुसऱ्यांदा लावावी लागली.

"आई, जेवण झालं का?" म्हणून डाव्या हाताने टाकल्या.

एक सपाट, एक फुगीर. पहिल्याच फेकीला.

"बघा, पोरीचं आवडलं," वन्सं म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा उतरला होता.

मला राग आला, सांगून टाकते. सव्वीस वर्षं मी ताटकळत उभी राहायचे, आणि ही तराजूवाली आली तर लगेच ढेकर!

मग रीतीप्रमाणे ताटं पुन्हा आत नेली, गरम करायला. वन्सं आणि खुन-लिन बाहेर टेबल आवरत राहिले. आता चाखायला हरकत नव्हती. या-चूने कोबीत चमचा बुडवून तोंडात घातला आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

तिने चमचा माझ्यापुढे धरला. मी चाखलं. मासा होता, मशरूम होते, साखरसुद्धा होती. मीठ नव्हतं. शेवयांतही नव्हतं.

"घातलंच नाहीस?"

"नाकाला काही कळलं नाही, आई," ती म्हणाली. "पुस्तकात दिलंय, कमी पडलं तर वाढवता येतं, जास्त पडलं तर काढता येत नाही. म्हणून म्हटलं, थोडं थांबावं. आणि मग वेळच..." ती थांबली. तिने एप्रनची गाठ चाचपली. "मी आजींना अळणी वाढलं. त्या तशाच जेवून गेल्या. काही बोलल्यासुद्धा नाहीत."

"अगं, त्यांनी हो म्हटलं की."

"भिडेखातर म्हटलं असेल. नवीन मुलगी आहे म्हणून. नको, आई. आत्यांचं बरोबर आहे. पुढच्या वर्षीपासून त्या तिसऱ्या हॉटेलातून आणा. त्यांचा कोबी चांगला होता, तुम्ही दोन वाट्या खाल्ल्यात, खुन-लिनने सांगितलंय मला. निदान आजींना चवीचं मिळेल."

असं म्हणून तिने एप्रन सोडला आणि घडी घालायला लागली. ती घडी मला बघवेना. चार कोपरे जुळवून, बँकेत नोटा ठेवतात तशी. मला माझी पाटी दिसली आणि तिच्यापुढे ते झाकण.

तेवढ्यात वन्सं आत आल्या. "काय चाललंय? भुका लागल्यात." या-चूचं तोंड बघून त्यांनी कोबीत चमचा घातला. एक्याऐंशी वर्षांच्या असल्या तरी जीभ शाबूत आहे. "हे अळणी आहे."

त्यांनी चमचा ओट्यावर आपटला.

"माझ्या आईला अळणी वाढलंत? तिच्या आवडीचा कोबी! बोंग-ची, तू तिथे बसून काय करत होतीस?"

"मी तिला चुकीचं सांगत होते," मी म्हटलं.

"काय?"

"नाकाने कळत नाही, वन्सं. कुणालाच कळत नाही. मी चाखते. पन्नास वर्षं चाखत आले. आधी चाखायचं, मग चहाने चूळ भरायची, मग वाढायचं. माझ्या हातात मीठबीठ काही नाही."

या-चूच्या हातातली घडी तशीच राहिली.

"उष्टं वाढलंस?" वन्संचा आवाज इतका बारीक झाला की मीच घाबरले. "माझ्या आईला सव्वीस वर्षं उष्टं वाढलंस?"

"तुमच्या वडलांनाही वाढलं. ते तुमच्या आईने उष्टावलेलं असायचं."

"जीभ झडेल! माझी आई?"

"तुमची आई. याच स्वयंपाकघरात. पळी ओठाला लावून. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही लग्न होऊन गेला होतात, तुम्हाला कसं कळणार? माहेरपणाला येऊन तुम्ही बोटं चाटत जेवायचात, ते न चाखता झालेलं नव्हतं."

वन्सं वळल्या आणि तडक बाहेर गेल्या. मला वाटलं, चप्पल घालतात. पण त्या टेबलापुढे गेल्या, कोरी उचलल्या, आणि खुन-लिन बघत असताना गुडघ्यावर बसल्या. एक्याऐंशीव्या वर्षी, कुणाचा हात न धरता.

"आई," म्हणाल्या, "ही बोंग-ची म्हणते तू चाखायचीस. खरं का?"

टाकल्या. दोन्ही सपाट वर. सासूबाई हसल्या.

वन्संनी पुन्हा विचारलं. पुन्हा टाकल्या. पुन्हा दोन्ही सपाट.

तिसऱ्यांदा उचलल्या आणि तशाच धरून बसल्या. मग जमिनीवर न टाकता टेबलावर ठेवून दिल्या. "लहानपणी मी बरणीतली खारी बोरं चोरायचे," त्या म्हणाल्या, कुणाला ते माहीत नाही. "आईला विचारलं की तू पाहिलंस का, तर अशीच हसायची. ना हो म्हणायची, ना नाही."

खुन-लिनला काही कळलं नव्हतं. त्याने आत्याला उठवलं. मी आत आले. या-चू बरणी समोर घेऊन उभी होती.

"एप्रन बांध."

"आई..."

"बांध म्हणते ना. टाक चिमूटभर. ढवळ. आता चाख. नीट चाख, बँकेत सही तपासतेस तशी. काय वाटतं?"

"अजून हवं."

"किती?"

"माहीत नाही."

"मग टाक आणि पुन्हा चाख. मला काय विचारतेस?"

तिने पाच वेळा चाखलं. मी एकदाही चमचा घेतला नाही, आणि ते मला फार अवघड गेलं. पाचव्या खेपेला तिने गॅस बंद केला. विचारलं नाही, बंद केला. तेव्हा मी श्वास सोडला.

जेवायला बसलो. वन्संनी कोबीची वाटी संपवली, पुढे केली, पुन्हा भरून घेतली. अर्धी खाल्ल्यावर म्हणाल्या, "मीठ किंचित जास्त झालंय."

या-चूचा चेहरा पडला.

"पुढच्या वर्षी आधीच चाख," वन्सं म्हणाल्या, "म्हणजे शेवटी घाई होत नाही."

खुन-लिनने वर पाहिलं. "पुढच्या वर्षी त्या हॉटेलातून—"

"तू जेव," वन्सं म्हणाल्या.

वन्सं घरी गेल्यावर मी आणि या-चू भांडी आवरत होतो. म्हणजे ती आवरत होती, मी डाव्या हाताने पुसत होते. उरलेल्या कोंबडीची तंगडी तिने माझ्यासाठी बाजूला काढली.

"मला कोंबडी आवडत नाही," मी म्हटलं.

तिला खरं वाटेना. "इतकी वर्षं करता की."

"केली, कारण टेबलावर लागते. मला कधी कुणी विचारलं नाही."

तिने नळ बंद केला. "मग काय आवडतं, आई?"

असं कुणी विचारेल याची मी तयारीच केली नव्हती. दुसऱ्यांच्या आवडी मला तोंडपाठ. सासूबाईंचा कोबी, यजमानांचा मासा, खुन-लिनच्या गुंडाळ्या. माझं नाव बोंग-ची, म्हणजे 'झाली आहे तर पोसू'. अशा नावाच्या मुलीला माहेरीही कुणी आवड विचारत नसे.

"रताळं घातलेली पेज," मी म्हटलं. "आणि खारवलेल्या मुळ्याचं ऑम्लेट. कडा करपलेल्या."

"एवढंच?"

"एवढंच."

"पण टेबलावर सहा पदार्थ लागतात ना?"

"मग सहाही वाट्यांत पेज घाल. मी काही उठून मोजायला येणार नाही."

ती हसली, पण नजर माझ्यावरून काढली नाही. मग म्हणाली, "मुळा घरात आहे का? उद्या सकाळी करून बघते. तुम्ही आहात तोवर कडा किती करपवायच्या ते सांगाल."